चेपलेले डबे

रंगाऱ्याच्या बायकोला राग आला की ती भांडी आपटत नाही. भांडी आपटणाऱ्या बायका निराळ्या. त्यांचा राग दुपारपर्यंत उतरतो आणि चहाच्या वेळी त्या शेजारणीशी खिदळत बसतात. ही गप्प होते आणि कांदा चिरायला घेते, लागो न लागो. घरात शिरताना ओट्यावर ताटभर कांदा दिसला की रंगाऱ्याने समजावं, आज आपली धडगत नाही. पण समजायला आधी बघावं लागतं, आणि या माणसाचं सगळं बघणं भिंतींवरच खर्ची पडलेलं.

भिंती मात्र त्याला कळायच्या, हे तिनेही कधी नाकारलं नाही. पांढरा हा त्याच्या लेखी एक रंग नव्हताच. दुधाळ निराळा, खडूसारखा निराळा, हस्तिदंती निराळा, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने "कुठलाही पांढरा लावा हो" म्हटलं की स्वारी घरी येऊन जेवणभर त्या माणसाच्या नावाने खडे फोडायची. गॅलरीत त्याचे डबे रांगेने मांडलेले असत. नवी नवरी असताना एकदा तिने तेलरंग समजून प्रायमरचा डबा त्याच्या हातात दिला, तर त्याने तिला गॅलरीत उभं करून एकेक डबा शिकवला. हा आधी लागतो, हा मागाहून, हा लाकडाला, हा लोखंडाला, आणि हा उघडलास तर झाकण हातोडीने ठोकून बसव, नाहीतर साय धरते. ती शिकली. आता तो कुठल्याशा शिडीवरून फोन करायचा, "अगं, खालच्या रांगेतला तो दे, माणूस येतोय न्यायला," आणि 'तो' म्हणजे कोणता हे न विचारता ती बरोबर तोच काढून ठेवायची. त्यात तिची कधी चूक झाली नाही.

आणि तिचे डबे? तिचे डबे म्हणजे टोमॅटोचे. ते ओट्याखालच्या फळीवर असायचे, आणि त्यांच्याबद्दल रंगाऱ्याचं एकच ठरलेलं वाक्य होतं, "लालच ना सगळं."

या वाक्याने तिच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा ती तापाने फणफणली होती तेव्हा त्याने मोठ्या हौसेने सूप केलं होतं. पेस्टचा अख्खा डबा पातेल्यात उलटा केला, वर पेलाभर पाणी ओतलं आणि उकळी आणली. आता पेस्ट म्हणजे काय, तर टोमॅटो आटवून आटवून त्याचा नुसता अर्क उरलेला. ती चमचाभर घ्यायची, तेलात परतायची, लाल रंग विटकरी होईपर्यंत दम धरायचा, तेव्हा कुठे तिचा कच्चा कडवटपणा जातो. याच्या सूपात चमचा उभा राहिला. "कसं दाट झालंय बघ," म्हणाला. तिने ते तापात गिळलं. दुसऱ्या वेळी तिने प्युरी सांगितली तर याने सॉस आणला. प्युरी ही बिचारी साधी असते, शिजवून गाळलेली, तुम्ही कराल तशी होते. सॉसमध्ये मीठ, साखर, मसाला सगळं आधीच कुणीतरी परक्याने आपल्या जिभेने घालून ठेवलेलं असतं, त्यात तुमचं काही चालत नाही. रंगाऱ्याला ती हे समजावू लागली की तो मान डोलवायचा. मान डोलवता डोलवता त्याचा अंगठा मोबाइलवर चालायचा.

बाकी त्याच्यात वाईट काही नव्हतं, असं सगळे म्हणत. दारू नाही, शिवीगाळ नाही, हसतमुख माणूस. तिला हे इतक्यांदा ऐकावं लागलं होतं की आता त्या हसतमुखाचाच तिला राग यायचा.

तर त्याच गल्लीच्या टोकाला एक पाळणाघर होतं. कामावर जाणाऱ्या आयाबापांची पोरं दिवसभर तिथे असत, आणि त्यांचं दुपारचं जेवण एक म्हातारी स्वयंपाकीण करायची. सगळे तिला मावशी म्हणत. मावशीचे गुडघे बोलू लागले, मोठं पातेलं उचलवेना, तेव्हा तिने रंगाऱ्याच्या बायकोला हाताखाली बोलावलं. आधी नुसतं चिरायला, मग ढवळायला, मग मावशी स्टुलावर बसून बघायची आणि ही सगळं करायची. ते स्वयंपाकघर तिला पहिल्या दिवसापासून आवडलं. अंगणाकडे उघडणारी रुंद खिडकी, कंबरेइतका उंच गॅस, पत्र्याचं कपाट, आणि त्या सगळ्याला एक दार, आणि त्या दाराला एक किल्ली. ती किल्ली मावशीच्या कमरेला असायची. मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाई, आत येताना दारावर टकटक करत.

घरात तिच्या मालकीची एकही किल्ली नव्हती. होत्या त्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या, त्याच्या रंगाच्या बोटांनी माखलेल्या. तिला ती पाळणाघराची किल्ली हवी होती. याहून जास्त तिला आयुष्यात फारसं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि तसं तिने मावशीला सांगितलंही होतं.

पोरांना सगळ्यात जास्त आवडायचे ते टोमॅटोत शिजवलेले पांढरे घेवडे, सोबत पाव. त्यावरून पोरं तिला लालमावशी म्हणू लागली होती. लग्न झाल्यापासून ती सगळ्यांची रंगाऱ्याची बायकोच होती. हे पहिलं नाव जे रंगाऱ्यावरून आलं नव्हतं. त्या घेवड्यांची सगळी मेख टोमॅटोत होती. त्या दिवसांत बाजारातले ताजे टोमॅटो पिवळट आणि पाणचट यायचे, म्हणून मावशी डब्यातले वापरायची. अख्खे सोललेले घ्यायचे, एकेक टोमॅटो मुठीत धरायचा, वरून दुसरा तळवा झाकण म्हणून ठेवायचा, नाहीतर पिचकारी थेट भिंतीवर, आणि हलकेच चेपायचा. तुकडेवाले मावशी हातात धरायची नाही. त्या चौकोनी तुकड्यांचा आकार टिकावा म्हणून त्यांत काहीतरी क्षार घालतात, मग तुम्ही तासभर उकळा नाहीतर दिवसभर, त्यांचे कोपरे जसेच्या तसे, आणि पोरं ते वेचून ताटाच्या कडेला लावतात. चेपलेला टोमॅटो मात्र रटरटून घेवड्यात विरघळतो. घाई असली की दुकानातून तयार चेपलेलेच आणायचे. डब्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असायचं, पण मावशी त्यांना चेपलेले म्हणायची, म्हणून हीसुद्धा म्हणायची. घरीही. चेपलेले संपले, आज चेपलेल्यांची भाजी केलीय, दोन चेपलेले आणायला हवेत. हा शब्द रंगाऱ्याच्या कानावरून इतक्यांदा गेला होता की एखाद्याने नुसतं कुतूहल म्हणून तरी विचारलं असतं, काय गं, चेपलेले म्हणजे काय?

मावशी लेकीकडे राहायला जायची वेळ आली. मोठ्या बाई शिस्तीच्या. म्हणाल्या, "तुमच्या हाताची चव ठाऊक आहे, पण दुसरीही एक बाई विचारून गेलीय. दोघींना एकेक दिवस देते. सामान आणण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं एकटीने करायचं. मी मध्ये पडणार नाही." मावशी हिच्या कानाशी लागून म्हणाली, "किल्ली तुझीच आहे समज. नेहमीचे घेवडे कर, नवं काही करायला जाऊ नकोस."

आदल्या दिवशी ती घेवडे निवडून भिजत घालत होती, पाव सांगायचा होता, आणि दुकान रंगाऱ्याच्या कामाच्या वाटेवर होतं. तिने फोन केला. तो शिडीवरच होता.

"अहो, येताना टोमॅटोचे डबे आणा. मोठे, सहा. चेपलेले आणा हं. दुसरे नकोत."

"चेपलेले?"

"हो. चेपलेलेच. उद्याचं आहे, विसरू नका."

पलीकडे त्याने ब्रश डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. चांगलं डोकं चालवलंस."

डोकं चालवण्यासारखं यात काय आहे, असा एक प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. पण कुकरची शिट्टी झाली आणि तो तिथेच राहिला.

संध्याकाळी तो आला तो शीळ घालत. हातात जड पिशवी. "आणले बाई तुझे चेपलेले. किती शोधावे लागले माहितीय? दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन एकेक बघून निवडलेत." तिला भरून आलं, हे इथे सांगायला हवं. हा माणूस आपल्या कामासाठी दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला, एकेक डबा बघून निवडला. तिने त्याला दोनदा वाढलं. पिशवी तशीच बांधलेली दाराशी ठेवली आणि सकाळी उठून तशीच घेऊन गेली.

पाळणाघराच्या स्वयंपाकघराची किल्ली त्या दिवसापुरती मोठ्या बाईंनी तिच्या हातात दिली होती. तिने दार उघडलं, खिडकी उघडली, घेवडे शिजत टाकले, कांदा परतला. मग पिशवीची गाठ सोडली आणि डबे ओट्यावर मांडले.

सहाच्या सहा डबे पोचे आलेले. एकाची कड आत गेलेली, एकाच्या पोटाला खड्डा, एक तर असा वाकडा की ओट्यावर उभा राहीना. आत काय काय, तर दोन तुकड्यांचे, एक पेस्टचा, एक प्युरीचा, एक गोड सॉसचा, आणि एकाचा कागदच निघालेला, त्यात काय ते देव जाणे. चेपलेल्या टोमॅटोचा एकही नव्हता.

काय झालं ते तिला कळलं. रंगाच्या दुकानात गाडीतून उतरवताना पोचे आलेले डबे बाजूला काढून स्वस्तात देतात, आणि रंगारी त्यांना चेपलेले डबे म्हणतात. आत रंग तोच असतो, म्हणून ते मुद्दाम मागून नेतात. त्याने गॅलरीत हे तिला कितीदा सांगितलं होतं. बायकोने चेपलेले टोमॅटो मागितले, याने चेपलेले डबे आणले.

तिने फोन लावला.

"अहो, हे काय आणलंत?"

"काय म्हणजे? चेपलेले. तूच म्हणालीस ना, दुसरे नकोत."

"चेपलेले टोमॅटो. टोमॅटो चेपलेले. डबे नव्हेत."

पलीकडून जे ऐकू आलं ते तिला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिलं. तो हसला. पोट धरून हसला. "अरे देवा," म्हणाला, "आणि मी म्हटलं बायको काटकसरीला लागली. अगं, एक डबा तर चांगला धडका होता, पाच चेपलेले मिळाले, सहावा मिळेना. तो मीच दुकानाबाहेर पायरीवर आपटला."

"दुकान आत्ता उघडं असेल का?"

"इतक्या लवकर कुठलं? आणि एवढं काय घाबरतेस, कर की त्यातच. लालच ना सगळं. ठेवतो, खाली गिऱ्हाईक उभंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागवायलाही सवड लागते, आणि घेवडे शिजत आले होते. तिने डोकं ताळ्यावर आणलं. पेस्ट परतता येईल, तिने रंग येईल. प्युरीने दाटपणा येईल. तुकडे चाळणीवर घासून काढले तर निम्मे तरी गाळले जातील. सॉस नको, पोरं गोड म्हणतील. जमलं असतं. तिला खात्री होती, आजही आहे, की चवीपुरतं तिने ते जमवलं असतं.

पण पोचा आलेला डबा त्या स्वयंपाकघरात येत नाही, हा मावशीचा नियम होता, मोठ्या बाईंचा होता, आणि हिलाही तो पाठ होता. कड दुमडली की सांध्याला फट पडते आणि आतलं नासतं, आणि नासलेलं दरवेळी वासाने कळतंच असं नाही. मोठ्या माणसांच्या घरात चालवून घेतीलही कुणी. इथे लहान पोरं होती. ती त्यातल्या त्यात बरा डबा कोणता ते बघू लागली. प्युरीचा बरा वाटला, नुसता पोटाला खड्डा. तिने ओपनर हातात घेतला. उघडणार होती की नव्हती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण ओपनर हातात होता हे खरं.

दारावर टकटक झाली आणि मोठ्या बाई आत आल्या. ओट्यावरची रांग त्यांनी पाहिली, ओपनर पाहिला. त्यांचा आवाज चढला नाही. त्या पुढे झाल्या आणि कागद निघालेल्या डब्याच्या झाकणावर त्यांनी बोट दाबलं. झाकण टक्‌ करून आत गेलं आणि टक्‌ करून वर आलं.

"हा फुगलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघितला नव्हतात?"

"बाई, डबे मी नाही आणले. यांनी आणले. मी चेपलेले टोमॅटो सांगितले होते, यांना वाटलं..."

बोलता बोलताच तिला ते कसं ऐकू येतंय ते कळलं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, तेवढे तिने त्यांचे उपकार मानले.

"चूक त्यांची असेल," बाई म्हणाल्या. "पण पिशवी तुम्ही रात्रभर उघडली नाहीत. आणि आत्ता तुमच्या हातात ओपनर आहे. उद्या एखादं पोर आजारी पडलं, तर मी त्याच्या आईला काय सांगू, डबे रंगाऱ्याने आणले होते म्हणून?"

तिने ओपनर ओट्यावर ठेवला. त्या दिवशी पोरांनी मीठ-लोणी लावलेले घेवडे खाल्ले. एकीने विचारलं, "लालमावशी, आज लाल नाही?" दुपारी तिने किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दुसरी बाई आली, आणि तीच तिथे राहिली.

आता इथवर झालं ते चुकून झालं, असं म्हणू. शब्द एक, अर्थ दोन, माणूस चुकतो. तिनेही घरी येताना वाटेत स्वतःला हेच सांगितलं होतं, आणि वर स्वतःचीही खरडपट्टी काढली होती, की पिशवी उघडून बघायला तुला काय झालं होतं. तो येईल, विचारेल काय झालं, आपण सांगू, त्याला वाईट वाटेल. एवढ्यावर तिचा राग निवला असता. बाईमाणूस किती थोडक्यात निवतं हे कळलं असतं तर पुरुषांनी निम्मी भांडणं वाचवली असती.

ती घरात शिरली तेव्हा तो कामावरून लवकर आलेला, आणि पलीकडच्या गल्लीत राहणारी त्याची थोरली बहीण चहाला आलेली. दोघं हसत होती. तिला बघून नणंदेने डोळे पुसले. "वहिनी, अगं हा काय सांगतोय, तू टोमॅटो सांगितलेस आणि याने पायरीवर डबा आपटला म्हणे?" आणि पुन्हा खसखस पिकली.

रंगारी रंगात आला होता. त्याने उठून करून दाखवलं, आपण दुकानदाराला कसं म्हणालो, "हा नको, हा फारच सरळ आहे, याहून चेपलेला दाखवा," आणि दुकानदाराने कसं वेड्यासारखं बघितलं. दिवसभर त्याने ही गोष्ट सांगितली होती. गिऱ्हाइकाला, रंगाच्या दुकानात, चहाच्या टपरीवर. ती वळसे घेऊन घेऊन गुळगुळीत झाली होती, कुठे थांबायचं, कुठे भुवई उडवायची, सगळं बसलेलं. फक्त त्या गोष्टीला शेवट नव्हता. डबा पायरीवर आपटला की त्याची गोष्ट संपत होती.

"किल्ली गेली," ती म्हणाली.

"कसली किल्ली?"

"पाळणाघराची. त्यांनी दुसरीला ठेवलं."

"अगं मग एवढं तोंड काय पाडतेस," तो म्हणाला, अजून हसू ओसरलं नव्हतं. "डब्यावरून काढलं? असल्या ठिकाणी नकोच काम. आणि घरात काय कमी आहे तुला?"

नणंद म्हणाली, "जाऊ दे गं वहिनी. माझा भाऊ भोळा आहे, मनात काही नसतं त्याच्या."

"तेच तर," ती म्हणाली. "मनात काही नसतं."

नणंदेने कप खाली ठेवला. ती पुढे बोलू लागली, आणि आवाज न चढवता बोलली, म्हणून दोघांना ऐकून घ्यावंच लागलं.

"भोळा कसला, वन्सं? कुणाच्या भिंतीला पांढरा लावायचा तर हा दुकानातून तीनदा फोन करतो. दुधाळ का खडूसारखा, विचारून विचारून जीव खातो त्या लोकांचा. मी चेपलेले म्हटलं तेव्हा याला विचारावंसं वाटलं नाही. वाटलं नाही कारण माझं काम म्हणजे काम नाही, माझे डबे म्हणजे डबे नाहीत. तुझे सगळे डबे मला येतात. अंधारात सांग, आणून देते." ती नवऱ्याकडे वळली होती. "माझा एक तरी तुला येतो का? एक सांग."

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत आली होती. ते 'तू' तिच्या तोंडून कधी निसटलं, तिलाही कळलं नाही. नणंदेला कळलं. तिने पर्स उचलली आणि चहा अर्धा टाकून निघाली. रंगारी उघड्या दाराकडे बघत म्हणाला, "ताईसमोर असं बोलायची काही गरज होती?"

तिने ताट घेतलं आणि कांदा चिरायला बसली.

गोष्ट गल्लीभर झालीच होती. रंगाऱ्याचे दोस्त तिला वाटेत दिसले की म्हणायचे, "काय वहिनी, आज काय चेपलंत?" आणि तो शेजारी उभा राहून हसायचा. एकदाही त्याने त्यांना गप्प केलं नाही. पाळणाघराच्या खिडकीवरून जाताना आतून फोडणीचा वास यायचा, आणि तिला नुसत्या वासावरून कळायचं की त्या दुसऱ्या बाईने पेस्ट परतलेली नाही, तशीच पाण्यात कालवलीय. तिला त्या बाईचा राग येत नव्हता. तिचा सगळा राग एकाच माणसाच्या वाट्याचा होता आणि त्यातला कणभरही तिला दुसऱ्या कुणावर उधळायचा नव्हता.

घरात तिने एकच केलं. टोमॅटो बंद केले. त्याचं ताट वेळेवर वाढायची, त्याला 'तू' म्हणायची, आणि ताटात भात, बटाटा, कोबी, दही, जे काही असेल ते फिक्कट. ओट्याखालची फळी तिने रिकामी करून पुसून ठेवली. पहिले काही दिवस त्याच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा त्याने आधी विनोद करून पाहिला, "हल्ली जेवणाला चुना लावतेस का?" तिने वाढपाचा चमचा पातेल्यात ठेवला आणि आपलं ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवली.

शेवटी एका संध्याकाळी तो काकुळतीला आला. "अगं, ते लाल घेवडे कर ना एकदा. तोंडाला चव राहिली नाही."

"डबा आण, करते," ती म्हणाली.

तो लगेच चपला घालून गेला. तिने घेवडे तर सकाळीच भिजवले होते, का ते तिचं तिला ठाऊक. ते तिने शिजायला टाकले. थोड्या वेळाने फोन वाजला.

"ऐक ना," रंगारी म्हणाला. त्याच्यामागे दुकानातली माणसं बोलत होती. "इथे फळीभर डबे आहेत. अख्खे आहेत, तुकडे आहेत, प्युरी, पेस्ट, आणखी कसले कसले. मी दोन्ही हातांत दोन धरून उभा आहे, आणि दिसायला सारखेच." तो जरा अडखळला. "फरक काय असतो गं यांच्यात? तुला नेमका कोणता लागतो?"

ती गॅसपाशी उभी होती. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत, कोणता परतायचा, कोणता चेपायचा, कोणता आयुष्यात घ्यायचा नाही. हाच प्रश्न तेव्हा त्याने शिडीवरून विचारला असता, एवढेच चार शब्द, तर आज तिच्या कमरेला किल्ली असती. त्या दिवशी पोरांची भूक होती, आणि हा हसला होता. आज भूक याची होती, म्हणून याला फरक दिसला.

"हॅलो? ऐकतेयस ना? कोणता आणू?"

"लालच ना सगळं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने घेवड्यांत मीठ घातलं, लोण्याचा गोळा टाकला, आणि आपल्या एकटीपुरते ताटात वाढून घेतले.